आईसाठी राखलेल्या सुट्टीत तोलेदो

तोलेदोबद्दल मला विचारू नका असं मी ऑफिसात सांगून ठेवलं होतं, तरी परत आल्यावर प्रत्येकाने विचारलंच. म्हणून एकदाच लिहून टाकतो. शहर सुंदर आहे. स्पेनच्या मधोमध, माद्रिदपासून रेल्वेने जवळच. तीन बाजूंनी नदीचा वेढा, मधे टेकडी, टेकडीवर पिवळट दगडांची घरं एकमेकांना खेटून बसलेली. हे वाचून कुणाला जावंसं वाटलं तर खुशाल जा, शहराचा काही दोष नाही. मी ज्या सुट्टीत गेलो ती सुट्टी फिरायची नव्हती, एवढंच.

हे जरा समजावून सांगायला हवं. जर्मनीत सुट्टी भरपूर मिळते. पण आम्ही इथले मराठी लोक, ज्यांचे आईवडील तिकडे एकटे आहेत, ती कधीच पुरती वापरत नाही. काही दिवस बाजूला काढून ठेवतो. कशासाठी, ते कोणी मोठ्याने बोलत नाही. घरून फोन येईल त्या दिवसासाठी. त्सुफेनहाउझेनला गाड्यांच्या कारखान्यात असलेला माझा मित्र प्रशांत त्यांना ‘फोनचे दिवस’ म्हणतो आणि म्हणताना हसतो. न हसून करणार काय? जर्मन सहकारी विचारतात, अरे, रोम दोन तासांवर, पॅरिसला रेल्वे जाते, आणि तू घरी कसा बसतोस? आम्ही काहीतरी थाप मारतो. आमच्या आया पाहुण्यांसाठी चादर ठेवणीत ठेवायच्या, तशी आम्ही ही सुट्टी ठेवतो.

मी न्युरेम्बर्गला एका मोठ्या कंपनीत इंजिनियर आहे. लग्नाचं जमलं नाही. दरवर्षी दोन आठवडे नागपूर, आणि उरलेले दिवस आईच्या आजारपणासाठी राखीव. तिचे गुडघे दुखायचे, बीपी होतं, त्यामुळे आजारपण येणार हे मी धरूनच चाललो होतो. हॉस्पिटलात तिच्या उशाशी बसायचं, डॉक्टरांशी बोलायचं, बाबांना घरी पाठवून रात्र आपण काढायची, हे सगळं मी मनात इतक्यांदा केलं होतं की बसायची खुर्चीसुद्धा ठरलेली होती.

तिने आजारी पडायला वेळच घेतला नाही. ऑक्टोबरात दीक्षाभूमीवर आलेले पाहुणे आमच्याकडे उतरले होते. सगळ्यांचं जेवणखाण तिनेच केलं. शेवटचा पाहुणा गेला तशी म्हणाली, जरा पडते. पडली ती उठलीच नाही. मी मिळेल ते विमान पकडलं, मुंबईला पुढचं हुकलं, आणि घरी पोचलो तेव्हा मंडपवाला अंगणात प्लॅस्टिकच्या खुर्च्या एकात एक घालून रचत होता. बाबा म्हणाले, “थांबता नाही आलं रे. ऊन फार होतं.” तिथे आठवडा काढला आणि परत आलो, कारण त्या घरात मला बसवत नव्हतं.

राखलेले दिवस जवळजवळ सगळे तसेच राहिले.

न्युरेम्बर्ग, बेत आखताना

फेब्रुवारीत उवेने विषय काढला. उवे माझ्या शेजारच्या टेबलावर बसतो, आणि आमच्या गटात कोण कधी सुट्टीवर याचा ताळमेळ तोच ठेवतो. गेल्या वर्षीची उरलेली सुट्टी मार्चअखेर वापरली नाही तर बुडते, हा आमच्याकडचा नियम. जर्मन माणसाला सुट्टी बुडणं म्हणजे ताटातलं अन्न टाकण्यासारखं वाटतं.

“आल्झो, तर मग, तुझे दिवस पडून आहेत,” तो म्हणाला.

“जाऊ देत.”

“असे कसे जाऊ देत? तुझे आहेत ते.”

“माझे नाहीत.”

“मग कुणाचे?”

मी एक ईमेल उघडला. उवे दणकट, लाल गालांचा माणूस आहे, मनाने चांगला. त्याने खुर्ची जवळ ओढली आणि हळूच विचारलं, “घरी का नाही जात? वडील आहेत ना?”

वडील आहेत. त्यांनाही मी विचारलं होतं. ते म्हणाले, आता येऊन काय करशील, मी बरा आहे, सुनीता येऊन जाऊन असते. सुनीता माझी बहीण, अमरावतीला दिलेली. बाबांनी नको म्हटल्यावर मला सुटल्यासारखं झालं, हे खरं आहे. बेल वाजवल्यावर दार आई उघडायची. आता बाबा उघडतील.

उवेला मी एवढंच सांगितलं की सध्या नको. “गेनाऊ, अगदी बरोबर,” तो म्हणाला, “मग ऊन हवं तुला. स्पेन!” आणि दुसऱ्या दिवशी त्याने माझ्यासमोर पारदर्शक फोल्डर ठेवला. तो आणि त्याची बायको मागे तोलेदोला गेले होते. नकाशा, कुठल्या चौकातून सूर्यास्त चांगला दिसतो, कुठे जेवावं, कुठे मुळीच जेवू नये, सगळं छापून, रंगीत पेनाने खुणा करून. ही माणसं फिरायला जाताना पूल बांधायला निघाल्यासारखी तयारी करतात. पूर्वी मला याचं हसू यायचं.

घरी टेबलावर तो फोल्डर उघडून बसलो आणि माझं गाडं अडलं. उवेने विचारून ठेवलं होतं: तुला म्युझियम आवडतं की भटकणं? सकाळी लवकर उठणार की आरामात? मला उत्तरं येईनात. इतकी वर्षं मी परदेशात राहतो, पण माझा प्रत्येक प्रवास एकाच गावाला झालेला. कुठलं विमान स्वस्त, बॅगा दोन न्यायला मिळतात का, नागपूरला घ्यायला कोण येणार, एवढंच मला ठरवता येतं. आपल्याला काय बघायला आवडतं, हे मी कधी स्वतःला विचारलेलंच नव्हतं. शेवटी उवेच्या खुणा होत्या तशाच ठेवल्या आणि तिकीट काढलं. गुरुवारी जायचं, रविवारी परत. उरलेले दिवस घरात पडून काढले, त्याचं वर्णन करण्यात अर्थ नाही.

विमानतळावर

निघायच्या आदल्या दिवशी मी नेहमीच्या ड्रगस्टोअरमध्ये गेलो, दाढीचं सामान आणायला. घरी आल्यावर बॅग भरली. छोटी, बरोबर न्यायची बॅग. मला वाटतं मी तेव्हा दुसरा कसलाही विचार करत नव्हतो.

सिक्युरिटीच्या पट्ट्यावरून बॅग पुढे गेली, थांबली, बाजूला घेतली गेली. निळ्या हातमोज्यांतल्या बाईने ती उघडली आणि आतून चॉकलेटचे पुडे काढले, एकावर एक. त्याखालून घोड्याच्या मलमाचा मोठा हिरवा डबा निघाला.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: जर्मनीत घोड्यांचं म्हणून एक मलम मिळतं. ते माणसंच लावतात, गुडघ्यांना. इथून भारतात जाणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाच्या बॅगेत ते असतं. सासूबाईंना, मावशीला, शेजारच्या काकूंना. आमच्या आईने तर निम्म्या गल्लीचे गुडघे त्यावर आणले होते. मी प्रवासाला निघालो की हात आपोआप त्या फळीकडे जातो. तो तसाच गेला होता.

“हे असं नेता येणार नाही,” बाई म्हणाली. “डबा फार मोठा आहे.”

“मला माहीत नव्हतं.” खरंच नव्हतं. तो डबा दरवेळी मोठ्या बॅगेत, विमानाच्या पोटात जायचा.

“अजून वेळ आहे तुमच्याकडे. परत काउंटरवर जा, बॅग चेक-इन करा.” तिने डब्यावरचं नाव वाचलं आणि हसली. “माझी आईपण हेच लावते. कुणासाठी नेताय?”

“आईसाठी.”

“मग जाच. धावत जा.”

मागे रांग थांबली होती. मी जागचा हललो नाही. ती पुन्हा म्हणाली, जा, मी बघते, मी तुम्हाला रांगेशिवाय आत घेते. इतक्या चांगुलपणाने वागत होती ती. मी म्हटलं, राहू द्या, टाकून द्या. ती म्हणाली, पण आईसाठी आहे ना? तेव्हा मला रडू फुटलं. चाळिशीला आलेला माणूस, पायांत नुसते मोजे, पट्टा काढलेला, एका हाताने पॅंट धरून न्युरेम्बर्गच्या विमानतळावर रडत उभा. तिने डबा उचलला, शेजारच्या पिंपात टाकला आणि माझ्या बॅगेची चेन स्वतः लावून दिली. चॉकलेटं तेवढी बरोबर आली.

तोलेदो, शुक्रवार

मी उतरलो होतो ते घर चढावर होतं. मालकीण पिलारबाई, सत्तरीची, बुटकी, काळा स्वेटर, चालताना किल्ल्यांचा आवाज. वरच्या दोन खोल्या त्या पाहुण्यांना द्यायच्या. मला स्पॅनिश येत नव्हतं, पण त्यांना जर्मन येत होतं. तरुणपणी हॅनोव्हरला कारखान्यात काही वर्षं काम केलं होतं म्हणे. त्यांचं जर्मन तेव्हाचं, गंजलेलं, पण धडाधड.

“थंडी वाजतेय?” पहिल्याच सकाळी त्यांनी विचारलं. “जर्मनीतून येऊन थंडी?”

वाजत होती. मार्चातला स्पेन उबदार असतो हा उवेचा समज होता. वाऱ्याने कान दुखत होते. गल्ल्या इतक्या अरुंद की ऊन जमिनीपर्यंत पोचतच नव्हतं, आणि गाडी आली की भिंतीला पाठ लावून उभं राहायचं. मी फोल्डर घेऊन निघालो आणि अर्ध्या तासात हरवलो. नकाशातली गल्ली समोर असायची, शिरलं की पुढे भिंत. दुपारी सगळी दुकानं बंद. दारं लावून अख्खं गाव जेवून झोपलं आणि मी एका बंद चर्चच्या पायरीवर बसून चॉकलेट खाल्लं. आपल्याकडेही दुपारी दुकानदार शटर अर्धं ओढून पडतो, पण हाक मारली तर उठून काय पाहिजे ते देतो. इथे हाक कुणाला मारणार?

संध्याकाळी एका खानावळीत लसणाचं सूप मागवलं. शिळा पाव, भरपूर लसूण, लाल तिखट, तेल, वर फोडलेलं अंडं. पहिला घास घेतला आणि कळलं की हा तर आपल्या शिळ्या पोळीचा कुस्करा, फक्त पातळ केलेला. चव छान होती. मी अर्धं ठेवलं. वाढणाऱ्या माणसाला वाटलं मला आवडलं नाही, तो मीठ घेऊन आला, मग मिरपूड घेऊन आला. त्याचं मन राखायला उरलेलं संपवलं.

शनिवार

फोल्डरप्रमाणे सकाळी जुनं सिनेगॉग. पांढरेशुभ्र खांब, घोड्याच्या नालासारख्या कमानी, एकीतून दुसरी दिसणारी. ज्यू लोकांनी बांधलं, मग त्याचं चर्च झालं, पुढे ज्यूंना देशाबाहेर काढलं, आता तिकीट काढून कोणीही आत जातं. आत गेल्यावर एरवी मी चिडलो असतो. ज्यांना गावाबाहेर ठेवलं गेलं त्यांच्यातल्याच घरात मी वाढलो, हाकलून दिलेल्यांची जागा बघताना माझ्या डोक्यात काहीतरी जागं होतं. त्या दिवशी झालं नाही. मी एका खांबाला टेकून उभा राहिलो आणि इथे बसायला खुर्ची का नाही, एवढाच विचार केला.

मोठ्या कॅथेड्रलमध्ये एक म्हातारी नाणं टाकून दिवा लावत होती आणि ओठ हलवत कुणाशी तरी बोलत होती. तिचा मला हेवा वाटला. आम्ही बौद्ध, आमच्यात आत्मा नाही. श्राद्ध नाही, कावळा नाही, वर कुठे बसून कोणी बघत नाही. आईच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला भंतेजींनी सांगितलं, सगळं अनित्य आहे. हे मी लहानपणापासून ऐकत आलो आणि मला ते पटतं. पण पटतं म्हणून मेलेल्या माणसाशी दोन शब्द बोलायची सोयही मला राहिलेली नाही, हे त्या दिव्यांसमोर उभं राहिल्यावर लक्षात आलं. मी आईला काय सांगितलं असतं? की बघ, तुझ्या दुखण्याची सुट्टी घेऊन मी हे खांब बघतोय.

सूर्यास्ताला नदीपलीकडच्या रस्त्यावर गेलो. तिथून अख्खं शहर दिसतं, फोल्डरात तिथे तीन उद्गारचिन्हं होती. नदी खाली खोल घळीत, वर घरं, मनोरे, किल्ला, सगळं हळूहळू तांबूस होत गेलं. शेजारी एक जोडपं एकमेकांचे फोटो काढत होतं, त्यांनी माझाही काढून दिला. त्या फोटोत मी फार चांगला दिसतो. तेव्हा मला काहीही वाटत नव्हतं. मी मनातल्या मनात बेरीज करत होतो: जर्मनीत आल्यापासून आईला मी जितकं पाहिलं ते सगळं मिळून शाळेच्या दोन-तीन उन्हाळी सुट्ट्यांइतकं भरेल. आणि प्रत्येक वर्षी काही दिवस शिल्लक ठेवले होते. ती धडधाकट होती, डाळ निवडत होती, फोनवर विचारत होती कधी येतोस, आणि मी तिच्या आजारपणासाठी दिवस वाचवत होतो.

घरी परतलो तर पिलारबाईंच्या स्वयंपाकघरात एक तिशीचा दाढीवाला तरुण भात खात होता.

“माझा मुलगा,” त्या म्हणाल्या. “हासुद्धा जर्मनीत. इथे नोकऱ्या कुठे आहेत?”

त्याने भरल्या तोंडाने मान डोलावली. मी विचारलं, काही कार्यक्रम आहे का घरी?

“कसला कार्यक्रम? असाच आला.” त्यांनी त्याच्या ताटात आणखी भात वाढला. “महिन्यातून एकदा येतो. येतो, खातो, झोपतो, जातो. मी सांगते, अरे जर्मनीत बायको शोध. ऐकत नाही.”

मी खोलीत जाऊन दार लावलं. त्या ‘असाच’ शब्दाने मला जेवढं लागलं तेवढं गेल्या पाच महिन्यांत कशानेच लागलं नव्हतं. मला माहीत आहे, त्याला दोन-अडीच तासांचं विमान आहे, मला दीड दिवस लागतो. पण मला एकदाही सुचलं नव्हतं की घरी असंही जाता येतं.

रविवार सकाळ

नाश्त्याला मुलगा झोपलेलाच होता. पिलारबाईंनी टोस्टवर टोमॅटो किसून तेल घातलं आणि समोर बसल्या.

“तुझी आई कुठे असते?”

“गेली. ऑक्टोबरात.”

“तू होतास जवळ?”

“नाही. उशिरा पोचलो.”

मला वाटलं आता सांत्वन येईल. त्या हॅनोव्हरच्या गंजक्या जर्मनमध्ये म्हणाल्या, “मी इथून निघाले तेव्हा माझी आई दारात उभी होती. तीच आमची शेवटची भेट.” मग त्यांनी टोस्ट माझ्याकडे सरकवला. “वडील?”

“आहेत.”

“एकटे?”

“हो.”

“मग तू इथे काय करतोयस?”

रागावून विचारलं नव्हतं. त्यांना खरंच कळत नव्हतं. टोस्ट संपवून मी फोन घेऊन बाहेर, चढावरच्या कठड्यापाशी गेलो. नागपूरला दुपार होती. बाबा जेवून बसले असणार.

“जयभीम, बाबा.”

“जयभीम. काहून रे, या वेळेला? बरा आहेस ना?”

“बरा आहे. बाबा, मी एप्रिलात घरी येतो. चांगला महिनाभर राहतो. नवीन वर्षाची सगळी सुट्टी घेतो.”

त्यांचा आवाज बदलला. “तुला कोणी काही सांगितलं का? सुनीता काही बोलली का माझ्याबद्दल?”

“नाही बाबा. काय सांगणार?”

“मला काही झालेलं नाही. शुगर नॉर्मल आहे. परवाच तपासली.”

“माहीत आहे. म्हणूनच येतो. असंच.”

“असंच?” त्यांनी तो शब्द पहिल्यांदाच ऐकल्यासारखा उच्चारला. “असंच सगळी सुट्टी वापरून बसशील, मग?”

“मग काय?”

“मग मला काही झालं तर काय करशील? साहेब देईल का तुला पुन्हा सुट्टी?” मला वाटलं फोन कट झाला, मी दोनदा हॅलो म्हटलं. “ठेव बेटा राखून. तुझ्या आईच्या वेळी नाही जमलं, त्याचं मला काही नाही. माझ्या वेळी तरी पोच.”

मला त्यांना सांगायचं होतं की मला तुमच्या वेळी यायचं नाही, आत्ता यायचं आहे, तुम्ही दार उघडायला आहात तोवर यायचं आहे. ते सगळं तोंडाशी आलं होतं. पण बाबांनी आयुष्यात माझ्याकडे एवढं एकच मागितलं होतं.

“बरं,” मी म्हटलं.

“उन्हाळ्यात तसंही काही नाही इथे,” ते म्हणाले, आणि तिकडे जेवायला काय मिळतं ते विचारू लागले. एप्रिलात मी न्युरेम्बर्गलाच होतो.